आपली शिकवण्याची पद्धत जगभरच्या विद्यापीठांत नेण्यासाठी अनुदान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या महाविद्यालयांतून, विद्यापीठ विभागांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवात अगदी प्राथमिक प्रश्नांपासून आहे, गुंतागुंतीचे पुढे येतील. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून अर्ज भरताना त्या वर्षाची अधिकृत मार्गदर्शिका शेजारी उघडी ठेवा.

१. असं अनुदान म्हणजे नेमकं काय? संशोधन प्रकल्पाच्या अनुदानाहून ते वेगळं कसं?

संशोधनाचं अनुदान नवं काही शोधायला मिळतं. हे अनुदान, वर्गात आधीच करून पाहिलेली गोष्ट दुसऱ्या विद्यापीठातल्या शिक्षकाच्या हाती द्यायला मिळतं. पैसा मुख्यतः प्रवास, मुक्काम, कार्यशाळा, साहित्यनिर्मिती यांवर खर्च होतो.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे सीडीआयओ ही अभियांत्रिकी शिकवण्याची पद्धत. २००० साली अमेरिकेतलं एमआयटी आणि स्वीडनमधली चाल्मर्स, केटीएच व लिन्शॉपिंग ही विद्यापीठं एकत्र आली. पैसा स्वीडनच्या क्नुट आणि अलिस वॅलेनबर्ग प्रतिष्ठानाने दिला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने नुसती गणितं सोडवत न बसता एखादी वस्तू योजावी, आखावी, बनवावी आणि चालवून दाखवावी, ही मूळ कल्पना. २००४ साली त्यांनी ती १२ निकषांत लिहून काढली. आज ही पद्धत अनेक खंडांतल्या संस्था वापरतात, आणि आमच्या मते त्याचं श्रेय कल्पनेइतकंच त्या १२ निकषांना जातं. लिहिलेलं होतं म्हणून तिसऱ्याला उचलता आलं.

त्याआधीचं उदाहरण वैद्यकीय शिक्षणातलं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९मध्ये रुग्णाच्या प्रत्यक्ष समस्येपासून शिकवायला सुरुवात केली. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टने १९७४मध्ये आपलं वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं तेच या पद्धतीवर.

अर्ज वाचणारा माणूस हेच शोधत असतो: तुम्ही परत गेल्यावर तिथल्या शिक्षकाला हे तुमच्याशिवाय जमेल का? पुढची बरीच उत्तरं या एका प्रश्नाभोवती फिरतात.

२. यासाठी पैसे देतं तरी कोण?

आपल्याकडच्या प्राध्यापकांना खरोखर उपयोगी पडणारे तीन दरवाजे आहेत. पहिला युरोपीय संघाचा इरॅस्मस प्लस. १९८७मध्ये युरोपातल्या विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीपासून तो सुरू झाला, आता त्यात शिक्षकही आहेत आणि युरोपाबाहेरचे देशही. सध्याचा कालखंड २०२१ ते २०२७ आहे. दुसरा दरवाजा अमेरिकेचा, फुलब्राइट-नेहरू (प्रश्न १४). तिसरा आपल्याच केंद्र सरकारचा, ग्यान: यात परदेशी प्राध्यापक इकडे येतो (प्रश्न १५).

सर्वांत जास्त प्रश्न इरॅस्मस प्लसबद्दल येतात आणि सर्वांत जास्त गैरसमजही तिथेच आहेत, म्हणून पहिली काही उत्तरं त्यावर आहेत.

३. मी माझ्या नावाने इरॅस्मस प्लसला अर्ज करू शकते का?

नाही. भारतातून युरोपात शिकवायला जाण्याचा मार्ग कार्यक्रमाच्या भाषेत केए१७१ म्हणून ओळखला जातो आणि त्यासाठी अर्ज युरोपातलं विद्यापीठच करू शकतं, तेही त्याच्याकडे इरॅस्मस सनद, म्हणजे या कार्यक्रमात भाग घेण्याची मान्यता, असेल तर. ते आपल्या देशात हा कार्यक्रम चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे, सहसा फेब्रुवारीत, अर्ज करतं आणि त्यात लिहितं की भारतातल्या अमुक संस्थेतून इतके शिक्षक येतील, इतके तिकडे जातील. पैसे मंजूर झाले की मग तुमच्या संस्थेत निवड होते.

म्हणजे तुमचा पहिला अर्ज खरं तर तिथल्या एखाद्या सहकाऱ्याला लिहिलेलं पत्र असतं. ते पत्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जायला हवं. जानेवारीच्या शेवटी “काही करता येईल का” असं विचारलं तर समोरचा कितीही भला असला तरी त्याच्या हातात काही उरलेलं नसतं.

४. आमच्या विद्यापीठाचा करार आहे म्हणतात. मग संलग्न महाविद्यालयालाही तो चालतो ना?

आपोआप चालतो असं धरून चालू नका. करार दोन संस्थांमधला असतो, आणि विद्यापीठाच्या करारात संलग्न महाविद्यालयांचा उल्लेख नसेल तर तुमचं नाव पुढे जाणं अवघड. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षात जाऊन कराराची प्रत मागा. त्यात तीन गोष्टी पाहा: कोणते विषय, कोणती दिशा (येणारे की जाणारे), आणि मुदत कधी संपते. भिंतीवर फ्रेम करून लावलेला सामंजस्य करार आणि इरॅस्मसचा आंतरसंस्था करार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात सदिच्छा असतात, दुसऱ्यात माणसं आणि दिवस मोजलेले असतात.

तुमचं महाविद्यालय स्वतःही करार करू शकतं. मान्यताप्राप्त उच्च शिक्षण संस्था असणं आणि युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून ओआयडी हा संस्थेचा ओळख क्रमांक घेणं, एवढी तयारी लागते. नोंदणीला शुल्क नाही. आधी कुणीतरी ती करून ठेवलेली असते आणि पासवर्ड बदली होऊन गेलेल्या प्राध्यापकाकडे असतो, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. त्यामुळे नवी नोंदणी करण्याआधी जुनी शोधा.

५. किती दिवस जायचं आणि किती तास शिकवायचं?

भारत–युरोप प्रवासासाठी कमीत कमी ५ दिवस, जास्तीत जास्त २ महिने. प्रवासाचे दिवस यात धरत नाहीत आणि किमान दिवस सलग हवेत. आठवड्याला किमान ८ तास शिकवावं लागतं. मुक्काम ५ दिवसांचा असला तरी ८ तास पूर्ण करायचेच. शिकवण्याबरोबर स्वतःचं प्रशिक्षणही जोडलं असेल, म्हणजे तिथल्या सहकाऱ्यांचे तास पाहणं वगैरे, तर ही अट ४ तासांवर येते.

आपली पद्धत दुसऱ्यापर्यंत पोचवायची असेल तर हा जोड प्रकार बहुतेकांना जास्त सोयीचा पडतो, पण तो फार थोडे निवडतात. ८ तास सलग व्याख्यानं देऊन परत आलेल्या माणसाने तिथल्या शिक्षकाचा एकही तास पाहिलेला नसतो. मग देवाणघेवाण कसली?

तारखा ठरवताना तिथल्या सुट्ट्या बघा. ईस्टरच्या आसपास युरोपातली बरीच विद्यापीठं बंद असतात आणि वर्गच नसेल तर ८ तास भरायचे कुठे? सत्रांची रचनाही वेगळी असते. जर्मनीत उन्हाळी सत्राचे वर्ग साधारण एप्रिलच्या मध्यावर सुरू होतात, तेव्हा आपल्याकडे परीक्षांची धामधूम असते. हा पेच आधीच सोडवा.

६. पैसे किती मिळतात?

दोन भाग असतात. प्रवासखर्च अंतरानुसार ठरतो: अंतर एका बाजूचं, सरळ रेषेत, युरोपीय आयोगाच्या अंतरमापकावर मोजायचं, आणि मिळणारी रक्कम जाण्या-येण्याची मिळून. २०२४च्या मार्गदर्शिकेत ४००० ते ७९९९ किलोमीटरला ११८८ युरो आणि ८००० किलोमीटरच्या पुढे १७३५ युरो होते. मुंबईहून बर्लिन पहिल्या पट्ट्यात येतं. लिस्बन मात्र ८००० किलोमीटरचा उंबरठा जेमतेम ओलांडतं, म्हणून तिथे जाणाऱ्याला वरचा दर. पणजीहून जाणाऱ्यालाही तोच.

दुसरा भाग मुक्कामाचा. त्याचा रोजचा दर यजमान देशानुसार ठरतो. १४व्या दिवसापर्यंत पूर्ण दर, १५व्यापासून त्याच्या ७० टक्के. डेन्मार्क-स्वीडनसारख्या महागड्या देशांचा दर वरचा असतो, पण तिथली खोलीही तितकीच महाग पडते. दर जास्त म्हणून देश निवडू नका.

हे मानधन नाही, खर्चासाठीची मदत आहे. तुमचा पगार इथे चालू राहतो, तिथे वेगळा पगार मिळत नाही.

७. तिकिटाचे पैसे आधी आपल्यालाच भरावे लागतात का? व्हिसाचं काय?

बऱ्याचदा हो. काही विद्यापीठं बहुतांश रक्कम आधी खात्यावर पाठवतात, काही तिथे पोचल्यावर देतात, काही शेवटचा हप्ता अहवाल भरल्यावर सोडतात. निवड झाल्याचा निरोप आला की लगेच विचारा आणि उत्तर ईमेलवरच घ्या.

शेंगेन देशांसाठी ९० दिवसांपर्यंतचा अल्पमुदतीचा व्हिसा लागतो, त्याला किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवासविमा हवा. हा खर्च कोण उचलणार तेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या.

८. माझी पद्धत “नावीन्यपूर्ण” आहे हे सिद्ध कसं करायचं?

तो शब्द अर्जात जितका कमी वापराल तितकं बरं. “विद्यार्थिकेंद्रित, अनुभवाधारित, नावीन्यपूर्ण अध्यापन” असं लिहिलेला अर्ज कुणाचाही असू शकतो.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१च्या सुमाराला सुरू केलेली पद्धत पाहा. वर्गात एक संकल्पनेवरचा प्रश्न टाकायचा. प्रत्येकाने मनाशी उत्तर ठरवून नोंदवायचं. मग शेजारच्याला आपलं उत्तर पटवून द्यायचं. मग पुन्हा उत्तर नोंदवायचं. चार वाक्यांत झालं. यंत्र असेल तर ठीक, नसेल तर चार रंगांची कार्डं वर केली तरी भागतं. पुरावा म्हणून भौतिकशास्त्रात बलाच्या संकल्पनांवरची एक ठरलेली चाचणी सत्राच्या आधी आणि नंतर घेतली जाते. ही पद्धत जगभर गेली ती या तीन गुणांवर: थोडक्यात सांगता येते, स्वस्तात करता येते, आणि फरक पडला की नाही हे मोजता येतं.

आता आपल्याकडचं एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा सांगली जिल्ह्यातल्या महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम विद्यार्थ्यांना आपापल्या गावातल्या विहिरींची पाणीपातळी दर पंधरवड्याला मोजायला लावतात आणि सरासरी, विचलन, सहसंबंध हे सगळं त्याच आकड्यांवर शिकवतात. चांगली पद्धत आहे. पण अर्जात काय लिहायचं? किती वर्षं केलं, वर्गात किती मुलं, मोजायला कोणतं साधन, आकडे चुकीचे आले तर काय केलं, आधीच्या आणि नंतरच्या चाचणीत कोणत्या प्रकारच्या प्रश्नांत फरक पडला. मग पुढचं, आणि हेच सर्वांत महत्त्वाचं: एस्टोनियातल्या किंवा पोर्तुगालमधल्या शिक्षकाकडे विहीर नसेल तर त्याने काय मोजावं? नदीची पातळी, घरातला विजेचा वापर, बसथांब्यावरची गर्दी? हा परिच्छेद लिहिता आला नाही, तर पद्धत अजून दुसऱ्याला द्यायला तयार झालेली नाही असं समजा.

आणखी एक गोष्ट आवर्जून लिहा: पद्धत कुठे चालली नाही. पहिल्या वर्षाच्या मोठ्या वर्गात फसली, कामावर जाणाऱ्या मुलांना वेळ काढता आला नाही, जे असेल ते. आपल्याकडे अर्जात अपयश लिहायची सवय नाही, होती ती नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांच्या मूल्यांकनाच्या, अहवालांनी पार मोडली आहे. पण अनुभवी शिक्षक अर्ज वाचतो तेव्हा त्याचा विश्वास याच ओळींवर बसतो.

९. पद्धत मुळात माझी नाही. दुसऱ्याची पद्धत आपल्या वर्गाला जुळवून घेतली. तरी चालेल?

चालेल. मूळ श्रेय स्पष्ट द्या आणि तुम्ही काय बदललं ते नेमकं लिहा. कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाने २००२पासून तयार केलेली फेट ही विज्ञानाची संगणकीय प्रतिरूपं मराठीतही उपलब्ध आहेत. ती मराठीत आहेत म्हणून कुणी बोलावणार नाही. पण एका मोबाइलवर पाच जण बसतात, नेट अधूनमधून जातं, अशा वर्गात ती कशी वापरली हा अनुभव जगातल्या बहुतांश विद्यापीठांना अमेरिकेतल्या मूळ वर्गापेक्षा जवळचा आहे.

१०. मी मराठीतून शिकवते. इंग्रजी बेताचं आहे. अडेल का?

इरॅस्मसच्या करारात शिक्षकांसाठी शिकवण्याच्या भाषेची, युरोपीय भाषापट्टीवरची बी२ ही पातळी सुचवलेली असते. म्हणजे आपल्या विषयावर बऱ्यापैकी सहज चर्चा करता यावी, समोरच्याचे प्रश्न कळावेत. प्रमाणपत्र हवं की आंतरराष्ट्रीय कक्षाचं पत्र पुरेल हे यजमान विद्यापीठ ठरवतं.

व्याख्यानापेक्षा कार्यशाळेच्या रूपात तास आखले तर बोलण्याचा भार कमी होतो आणि पद्धतही जास्त चांगली पोचते. साहित्य मराठीतच असेल तर त्यातल्या एका घटकाचं नीट इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा. सगळ्याचं नको, कुणी वाचत नाही.

११. मी सीएचबीवर, तासिका तत्त्वावर आहे. मला जाता येईल का?

इरॅस्मस प्लसची अट आहे ती पाठवणाऱ्या संस्थेत काम करत असण्याची. “कायम” हा शब्द त्यात नाही. अडचण आपल्या बाजूने येते. जाण्याआधी तुम्ही, तुमची संस्था आणि यजमान विद्यापीठ अशा तिघांच्या सह्यांचा अध्यापन करार होतो. ज्या महिन्यात जायचं त्या महिन्यात तुमची नेमणूक चालू असेल का, हे प्राचार्यांना सही करण्याआधी सांगावं लागतं. सीएचबीच्या नेमणुका सत्र सुरू झाल्यावर उशिरा निघतात आणि सत्र संपताच संपतात. त्यामुळे दौरा सत्राच्या मध्यावर ठेवणं सुरक्षित. बुडालेल्या तासांचे पैसे मिळणार नाहीत हेही गृहीत धरा. अन्याय आहे, पण दौऱ्याच्या रकमेतून तो भरून निघत नाही.

निवृत्त प्राध्यापकांसाठी हा मार्ग बंद आहे, कारण पाठवणारी संस्थाच उरत नाही. त्यांनी प्रश्न १६ पाहावा.

१२. रजा कोणती टाकायची?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत एका शैक्षणिक वर्षात ३० दिवसांपर्यंत कर्तव्य रजेची तरतूद आहे. दुसऱ्या विद्यापीठाच्या निमंत्रणावरून व्याख्यानं देणं, आपल्या विद्यापीठाने पाठवल्यास परदेशी विद्यापीठात काम करणं यांचा त्यात समावेश होतो. एक-दोन आठवड्यांचा दौरा यात सहज बसतो. निमंत्रणपत्र तुमच्या संस्थेच्या नावे मागवा, नुसतं तुमच्या नावे नको. अनुदानित महाविद्यालयात परदेश प्रवासाच्या परवानगीची फाइल संस्था, विद्यापीठ, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालय अशी फिरू शकते. व्हिसाच्या तारखेवरून मागे मोजत या, पुढे मोजू नका.

१३. कॅसच्या पदोन्नतीत याचे गुण मिळतात का?

२०१८च्या नियमावलीतल्या संशोधन गुणांच्या तक्त्यात नावीन्यपूर्ण अध्यापनपद्धती विकसित करण्याला ५ गुण आहेत आणि परदेशातल्या निमंत्रित व्याख्यानाला ७. अध्यापन दौऱ्याचं स्वतंत्र कलम नाही. म्हणून तिथे गेल्यावर वर्गाखेरीज विभागासाठी एक जाहीर व्याख्यान द्या आणि त्याचं पत्र वेगळं घ्या. अंतिम शब्द छाननी समितीचा, तेव्हा जाण्याआधीच आयक्यूएसीच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयकांना विचारलेलं बरं.

१४. फुलब्राइट-नेहरू कधी निवडावं?

जास्त काळ जायचं असेल आणि स्वतःच्या नावावर अर्ज करायचा असेल तर. फुलब्राइट कार्यक्रम १९४६चा. भारताशी करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला आणि २००८पासून दोन्ही सरकारं खर्च वाटून घेतात, तेव्हापासून नावात नेहरू आले. यातली शैक्षणिक आणि व्यावसायिक उत्कृष्टता छात्रवृत्ती शिकवण्यासाठी, संशोधनासाठी किंवा दोन्ही मिळून घेता येते. कालावधी साधारण ४ ते ९ महिने. अर्जाची मुदत सहसा जुलैत संपते.

इथे प्रश्न ३ची भानगड नाही, पण नोकरी असेल तर संस्थेचा पाठिंबा लागतोच. आणि एक अट लोक सही करून झाल्यावर वाचतात: जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसावर फुलब्राइटने गेल्यावर परत येऊन २ वर्षं मायदेशात राहिल्याशिवाय अमेरिकेत स्थायिक होण्याचा किंवा एच-१बी नोकरीचा व्हिसा मिळत नाही. जोडीदार अमेरिकेत नोकरीला असेल, मुलं तिकडे असतील, तर घरात बसून आधी याचा विचार करा.

१५. उलट करायचंय. तिकडच्या प्राध्यापकाला इथे बोलवायचं आहे.

खरं तर बऱ्याच विभागांसाठी हा जास्त शहाणपणाचा मार्ग आहे. तुमच्यापैकी एक जण परदेशी जाण्याऐवजी तुमचे तीस शिक्षक एकदम शिकतात.

ग्यान योजना ३० नोव्हेंबर २०१५ला आयआयटी गांधीनगरमध्ये सुरू झाली. परदेशी तज्ज्ञ इथल्या यजमान संस्थेत एक किंवा दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम घेतो. मूळ नियमांनुसार १२ ते १४ तासांसाठी ८,००० डॉलरपर्यंत आणि २० ते २८ तासांसाठी १२,००० डॉलरपर्यंत एकरकमी दिले जात. त्यातच त्याचा विमानप्रवासही धरलेला. आयआयटी मुंबई, नागपूरचं व्हीएनआयटी अशा संस्थांनी हे अभ्यासक्रम घेतले आहेत. स्वतः यजमान होता आलं नाही तरी तिथे जाऊन बसता येतं.

फुलब्राइट स्पेशलिस्ट कार्यक्रमात अमेरिकी तज्ज्ञ २ ते ६ आठवड्यांसाठी येतो. विमानखर्च आणि मानधन तिकडून मिळतं. राहणं, जेवण आणि इथला स्थानिक प्रवास सहसा यजमान संस्थेकडे असतो. संस्थेचं बरं अतिथिगृह असेल तर निम्मं काम झालं.

इरॅस्मस प्लसमध्ये एक कमी माहीत असलेली सोय आहे. युरोपातली विद्यापीठं आपल्या अंतर्गत देवाणघेवाणीच्या निधीतले, म्हणजे केए१३१मधले, २० टक्क्यांपर्यंत पैसे युरोपाबाहेर माणसं पाठवायला वापरू शकतात. तो शिक्षक पुण्यात किंवा नागपुरात येऊ शकतो. मात्र त्याच पैशांवर तुम्ही तिकडे जाऊ शकत नाही. ही दिशा एकेरी आहे आणि इथेच घोटाळे होतात.

१६. प्रवास न करता, ऑनलाइन करता येईल का?

येईल, आणि पैशांची वाट न पाहता येईल. दोन देशांतल्या दोन वर्गांनी काही आठवडे एकत्र एक काम करायचं, या प्रकाराला कॉइल म्हणतात. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने २००६मध्ये त्यासाठी केंद्र सुरू केलं. दोन शिक्षक, एक सामायिक कामगिरी, ठरलेली वेळ. खर्च जवळपास शून्य. वेळेचा फरक मात्र हिशेबात घ्या: युरोपाबरोबर आपली दुपार जमते, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याबरोबर संध्याकाळ, पश्चिम किनाऱ्याबरोबर कुणीतरी झोपमोड करायची.

अनुदान शोधताना एक सापळा: इरॅस्मस प्लसमध्ये आभासी देवाणघेवाणीसाठी स्वतंत्र निधी आहे, पण तो पश्चिम बाल्कन, युरोपाचे शेजारी देश आणि सहारापलीकडची आफ्रिका यांच्यासाठी. भारत त्यात नाही. या निधीचं नाव वाचून अर्ज तयार करायला बसलेले लोक दरवर्षी भेटतात.

एक सत्र कॉइल करून मग प्रश्न ३च्या वाटेने गेलात तर समोरचा सहकारी तुम्हाला ओळखत असतो. हा क्रम आम्ही सगळ्यांनाच सुचवतो.

१७. एका माणसाचा दौरा नको, चार-पाच विद्यापीठांचा मोठा प्रकल्प करायचा आहे.

मग इरॅस्मस प्लसचा उच्च शिक्षणातली क्षमताबांधणी हा विभाग पाहा. भारतीय संस्था यात भागीदार होऊ शकते, नियमांनुसार प्रमुख अर्जदारही. पहिल्या गटात २ ते ४ लाख युरो, दुसऱ्यात ४ ते ८ लाख, तिसऱ्यात ६ ते १० लाख. तिसरा गट धोरणबदलासाठी आहे आणि त्यात देशाची सक्षम शासकीय यंत्रणा लागते, महाविद्यालयांनी त्या वाटेला जाऊ नये. नवख्यांसाठी पहिला गट.

पैसे एकरकमी पद्धतीने मिळतात. बिलांचे गठ्ठे पाठवावे लागत नाहीत, पण कामाचा जो टप्पा कबूल केला तो पूर्ण व्हावाच लागतो. टप्पा अर्धा राहिला तर त्याचे पैसे कापले जाऊ शकतात. पहिल्यांदाच उतरताना प्रमुख अर्जदार होण्याचा हट्ट नको.

१८. ट्रस्टच्या महाविद्यालयाच्या खात्यात युरो कसे घ्यायचे?

इथे एफसीआरए हा परदेशातून येणाऱ्या निधीवरचा कायदा लागू होतो. प्रश्न १७च्या वाटेने जाणाऱ्या बहुतेक खासगी शिक्षणसंस्था इथे अडकतात, कारण हे कुणी अर्ज करताना विचारतच नाही. परदेशी विद्यापीठाकडून संस्थेच्या खात्यात निधी घ्यायचा तर नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि तो निधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरावा लागतो. २०२०च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यालाही बंदी आहे. म्हणजे “पैसे त्यांच्या नावावर घेऊ आणि वाटून घेऊ” हे चालणार नाही. कायद्याने स्थापन झालेल्या आणि महालेखापालांकडून लेखापरीक्षण सक्तीचं असलेल्या विद्यापीठांना सूट आहे.

एका शिक्षकाला प्रवास-मुक्कामासाठी मिळणारी रक्कम हा वेगळा विषय आहे. दोन्हींबाबत संस्थेच्या सनदी लेखापालाला आधी भेटा, भागीदारीच्या पत्रावर सही त्यानंतर.

१९. माझं सगळं साहित्य फुकट वाटावं लागेल का?

इरॅस्मस प्लसच्या प्रकल्पात निधीतून तयार केलेलं शैक्षणिक साहित्य खुल्या परवान्याखाली द्यावं लागतं. आधीपासूनचं तुमचं पाठ्यपुस्तक, नोट्स, प्रश्नसंच यांवर तुमचा हक्क राहतो. पण त्यातला मजकूर नव्या साहित्यात जसाच्या तसा घातलात तर तो भाग खुला होतो. प्रकाशकाशी करार झालेला असेल तर हे आधी तपासा. पाच दिवसांच्या अध्यापन दौऱ्यात हा प्रश्न सहसा येत नाही.

२०. ब्रिटनमध्ये इरॅस्मसवर जाता येतं का?

२०२१मध्ये ब्रिटन कार्यक्रमातून बाहेर पडलं. त्यांनी सुरू केलेली ट्युरिंग योजना विद्यार्थ्यांना बाहेर पाठवण्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. चालू वर्षाच्या मार्गदर्शिकेतली देशांची यादी बघूनच पत्र लिहा. याउलट नॉर्वे, आइसलँड, तुर्कस्तान, सर्बिया हे युरोपीय संघात नसूनही कार्यक्रमात आहेत, आणि तिथे भारतातून विचारणा करणारे कमी दिसतात.

२१. मी कनिष्ठ महाविद्यालयात आहे. हे सगळं वरिष्ठांसाठीच का?

वरचं बहुतेक सगळं, हो. तुमच्यासाठी फुलब्राइटचा माध्यमिक शिक्षकांचा सहा आठवड्यांचा कार्यक्रम आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रशिक्षण आणि तिथल्या शाळेत प्रत्यक्ष वर्ग असं त्याचं स्वरूप असतं.

२२. एक एजन्सी इरॅस्मस “मिळवून देते” म्हणून ३५ हजार मागते आहे. द्यावे का?

नाही. इरॅस्मस प्लस आणि फुलब्राइट-नेहरू, दोन्हींना अर्जशुल्क नाही आणि मध्यस्थ लागत नाही.

२३. नकार आला. पुढच्या वर्षी तोच अर्ज पाठवू का?

आधी नकार कुणाला आला ते बघा. केए१७१मध्ये बऱ्याचदा तुमच्या पद्धतीपर्यंत कुणी पोचलेलंच नसतं. अर्ज युरोपातल्या विद्यापीठाचा असतो आणि निधी जगाच्या विभागांनुसार वाटलेला असतो. भारताला आशियातल्या इतर देशांबरोबर एकाच वाट्यातून मिळतं. तिथल्या सहकाऱ्याला मूल्यांकनाचे शेरे मागा. “भागीदार संस्थेशी सहकार्याचा तपशील अपुरा” असा शेरा असेल तर उपाय प्रश्न १६मध्ये आहे. “परिणामाचा पुरावा नाही” असेल तर प्रश्न ८.

फुलब्राइटमध्ये निवड माणसाची होते, त्यामुळे तिथे प्रस्ताव पुन्हा लिहायला घ्या. ज्याने तुमचा विषय कधी शिकवलेला नाही अशा सहकाऱ्याला तो वाचायला द्या, आणि वाचून झाल्यावर त्याला विचारा की सोमवारच्या तासाला तो नेमकं काय करेल. त्याला सांगता आलं नाही तर जिथे अडला तोच परिच्छेद बदला.